म्हैस पान्हा का चोरते? इंजेक्शन टोचण्याआधी हे वाचा

वडगाव मावळ : रेडकू दगावलं की म्हैस पान्हा चोरते. पवन, आंदर, नाणे मावळातल्या गोठ्यांत हे नवीन नाही. संकरित गाय मात्र वासराविनाही दूध देते. मेंढी तर दुसरीच्या कोकराला ढुशी मारून हाकलते. तिघींच्या अंगातलं हार्मोन एकच, ऑक्सिटोसिन. मग वागणं वेगळं का?

चावी एक, कुलपं वेगळी

ऑक्सिटोसिन मेंदूत तयार होतं. रक्तातून कासेत पोचलं की दूध उतरतं, तोच पान्हा. मेंदूच्या आतही ते काम करतं. पण हार्मोन म्हणजे नुसती चावी. ती जिथं लागते ते कुलूप म्हणजे रिसेप्टर. मेंदूच्या कोणत्या भागात किती रिसेप्टर, हे प्रत्येक जातीत वेगळं असतं.

अमेरिकेतल्या व्होल या उंदरासारख्या प्राण्यात हे नीट दिसलं. माळावरचा व्होल जोडीनं राहतो, डोंगरातला जोडी धरत नाही. हार्मोन सारखेच, रिसेप्टरच्या जागा वेगळ्या. जोडी जमायला मादीत ऑक्सिटोसिन, तर नरात व्हॅसोप्रेसिन हे दुसरं हार्मोन जास्त महत्त्वाचं ठरलं. मात्र २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर नसलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या. म्हणजे सगळं एकाच कुलपावर नाही.

मेंढीची माया

गाभण मेंढीच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढतात. विताना गर्भमार्ग ताणला की मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं आणि साधारण दोन तासांत ती आपल्या कोकराचा वास पक्का ओळखते. मेंढ्यात ही तयारी होत नाही.

म्हशीचं काय?

इथं कासेची रचनाही महत्त्वाची. गायीच्या कासेत सुमारे २० टक्के दूध खालच्या पोकळीत आधीच असतं, म्हशीत जेमतेम ५ टक्के. त्यामुळे पान्ह्याशिवाय म्हशीची धार निघतच नाही.

इंजेक्शन नको

टोचलेलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारसं पोचत नाही. दूध उतरतं, माया येत नाही. रोज टोचलं तर पुढं जनावर आपणहून पान्हा सोडेनासं होतं. जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन दुधासाठी देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, जनावरही जप्त होतं.

काय करावं?

- धारेची वेळ, जागा आणि माणूस शक्यतो बदलू नका.
- कोमट पाण्यानं कास धुऊन दोन-तीन मिनिटं हलक्या हातानं चोळा.
- पुढ्यात थोडं आंबोण ठेवा.
- ओरडू नका, मारू नका. जनावर घाबरलं की पान्हा अडतो.
- पान्हा सुटला की धार लगेच काढा. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो.

एवढं करूनही दूध उतरत नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कासदाह किंवा दुसरा आजार असू शकतो.