कपाशीचे चेक आणि कचेरीतला माणूस

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापून आला, तेव्हा दोघा-तिघा स्नेह्यांनी आम्हांला वाटेत थांबवून विचारले, "तुम्ही कामगार संघटनेचे काम करणारे, अमेरिकेतल्या कपाशीशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी आटोपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. त्या बाकावरच एका पावसाळ्यात अमेरिकेतील शेतकी मदतीची ही हकीकत आमच्या वाचनात आली आणि ती वाचताना आम्हांला आमचीच एक चूक आठवली. चूक शेवटी सांगू, आधी हकीकत.

सरकार शेतकऱ्याला मदत करते असे आपण म्हणतो. कायदा राजधानीत होतो, त्यावर भाषणे होतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. परंतु अखेरीस एका लहानशा कचेरीत एक पगारी माणूस नकाशा, मोजणीची साखळी आणि नावांची यादी घेऊन बसतो आणि ही रक्कम अमक्याची, तमक्याची नव्हे, असे ठरवतो. इतिहासाच्या पुस्तकांत राष्ट्राध्यक्ष सापडतो, मंत्री सापडतो. हा माणूस क्वचितच सापडतो. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

अमेरिकेत प्रत्येक काउंटीला एक शेतकी अधिकारी असे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला तालुका समजावा. 1914 सालच्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या पदाला पक्का आधार मिळाला. बियाणे कसे निवडावे, किडीवर काय करावे, हे बांधावर जाऊन सांगणे हे त्याचे काम. त्याच्या पगाराचा काही भाग मध्यवर्ती सरकारकडून, काही राज्याकडून आणि काही काउंटीच्या तिजोरीतून येई. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ज्या गावात नोकरी करायची, त्याच गावातल्या वजनदार मंडळींच्या मर्जीवर त्याच्या भाकरीचा एक तुकडा अवलंबून होता.

1929 नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला. 1932 च्या हंगामात तो पौंडाला सुमारे साडेसहा सेंटांवर आला. गोदामे भरलेली, गिरण्या मंदावलेल्या, आणि शेतकरी कर्जात बुडालेला. अशा वेळी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि 12 मे 1933 रोजी त्यांनी शेतकी समायोजन कायद्यावर सही केली. कृषिमंत्री हेन्री वॉलेस. योजना साधी होती: पीक कमी काढा, म्हणजे भाव चढेल, जमीन पडीक ठेवल्याबद्दल सरकार पैसे देईल, आणि तो पैसा कापूस वापरणाऱ्या गिरण्यांवर कर बसवून उभा करायचा.

अडचण अशी की मे महिन्यापर्यंत कपाशी उगवून वर आलेली होती. तेव्हा उभे पीक नांगरून टाकायचे ठरले. तो काउंटीचा शेतकी अधिकारी, जो काल अधिक पीक कसे काढावे हे शिकवीत होता, तोच आज पीक मोडण्याचे करार घेऊन दारोदार फिरू लागला. सुमारे एक कोटी एकर कपाशी त्या उन्हाळ्यात नांगराखाली गेली आणि दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली. असे सांगतात की नांगराची खेचरे रोपांवर पाय द्यायला तयार होईनात, कारण जन्मभर त्यांना ओळीच्या मधून चालण्याचे वळण लावलेले होते. माणसांना मात्र वळण बदलावे लागले.

न्यायाने बोलायचे तर योजना फसली असे कोणी म्हणू नये. 1934 च्या हंगामात भाव पौंडाला 12 सेंटांच्या वर गेला. लाखो घरे लिलावातून वाचली. परंतु कोणाची घरे वाचली, हा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

दक्षिणेकडील कपाशीच्या मुलखात जमीन एकाची आणि राबणारा दुसरा, अशी रीत होती. राबणारा गोरा असो वा काळा, त्याच्यापाशी जमीन नाही, जनावर नाही, अवजार नाही. मालकाने सर्व पुरवायचे आणि पीक अर्धे-अर्धे वाटायचे. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसणे म्हणतात, तोच हा प्रकार. मात्र तिथे हिशेबाची वही मालकाच्या दुकानात असे आणि वर्षअखेरीस कुळाच्या वाट्याला बहुधा देणेच उरे. 1930 च्या शिरगणतीत दक्षिणेत अशी अर्धेलीची कुळे सुमारे 7 लाख 76 हजार होती.

आता 1934-35 सालचा कापसाचा करार पाहा. पडीक ठेवलेल्या जमिनीवर जो कापूस झाला असता, त्याच्या प्रत्येक पौंडामागे साडेतीन सेंट भाडे म्हणून, आणि एक सेंट भावातील तूट भरून काढण्यासाठी, असे एकूण साडेचार सेंट सरकार देई. भाडे जमिनीचे, म्हणून ते सगळे मालकाचे. उरलेला एक सेंट मालक आणि अर्धेलीचे कूळ यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे साडेचार सेंटांपैकी मालकाला चार आणि कुळाला अर्धा. हे पीक उभे असते तर कुळाला निम्मे मिळाले असते; ते न काढल्याबद्दल त्याला नववा हिस्सा मिळाला. आणि तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यायचा, तेव्हा दुकानाच्या वहीतील जुन्या बाकीत तो किती वेळा जिरला असेल, हे सांगायला नको.

शिवाय पडीक जमिनीला कुळाची गरज काय? करारातील सातव्या कलमात असे होते की मालकाने शक्यतो नेहमीइतकी कुळे ठेवावीत आणि त्यांना घरात राहू द्यावे. त्या 'शक्यतो' शब्दातून किती बैलगाड्या बाहेर पडतात, हे कामगार करार वाचणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. कुळांना घरे सोडण्याच्या सूचना मिळू लागल्या. त्यांनी वॉशिंग्टनला पत्रे लिहिली. पत्रे तेथून फिरून चौकशीसाठी पुन्हा काउंटीतच येत, त्याच अधिकाऱ्याच्या आणि त्याच स्थानिक समितीच्या टेबलावर. समितीत बसत ते बहुधा जमीनदार किंवा त्यांचे सोयरे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच पंच!

येथे कोणी म्हणेल की अधिकारी लबाड होता. आम्हांला तसे वाटत नाही. बहुतेक जण सरळ होते, उन्हातान्हात शेते मोजीत होते, कागद वेळेवर पुरे करीत होते. त्यांच्या फॉर्मवर जमिनीचा आकडा लिहायला रकाना होता. त्या जमिनीवर कोण राबतो आणि आता कुठे जाणार, याला रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते चांगल्या माणसालाही दिसेनासे होते, आणि दिसले तरी लिहिता येत नाही.

जुलै 1934 मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत अठरा माणसे जमली. अकरा गोरी, सात काळी. गोऱ्यांची वेगळी संघटना काढावी की एकत्र, हा पहिला प्रश्न. पंधरा वर्षांपूर्वी, 1919 साली, त्याच राज्यात एलेन येथे काळ्या कुळांची संघटना रक्तात बुडवली गेली होती. ती आठवण ताजी असतानाही त्यांनी एकत्रच संघटना काढली: दक्षिण कूळ शेतकरी संघ. पुढाकार घेणाऱ्यांपैकी एच. एल. मिचेल यांचे कपडे धुण्याचे दुकान होते, क्ले ईस्ट यांचा पेट्रोल पंप. त्यांनी बेदखलीविरुद्ध दावा लावला. दाद मिळाली नाही. 1935 च्या वेचणीत संप केला. शंभर पौंडांना एक डॉलर मागितला आणि पुष्कळ ठिकाणी 75 सेंट मिळवले. मारहाण झाली, सभा उधळल्या गेल्या.

राजधानीतही या प्रश्नाने दोन तट पाडले. जेरोम फ्रँक यांच्या हाताखालच्या कायदा विभागाने मेरी कॉनर मायर्स या वकीलबाईंना जानेवारी 1935 मध्ये आर्कान्सात पाठवले. त्यांचा अहवाल कधी प्रसिद्धच झाला नाही. विभागाने सातव्या कलमाचा अर्थ लावला की कुळांची नुसती संख्या राखून भागणार नाही. तीच माणसे राहिली पाहिजेत. कृषी समायोजनाचे मुख्य प्रशासक चेस्टर डेव्हिस यांना हे मान्य नव्हते. सिनेटची शेतकी समिती कपाशीच्या राज्यातील सिनेटरच्या हाती होती. तिला दुखवून योजना चालणार नाही, अशी त्यांची भीती. 5 फेब्रुवारी 1935 रोजी फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी बडतर्फ झाले. वॉलेस यांनी संमती दिली.

पुढे 6 जानेवारी 1936 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांवरचा कर आणि ती योजनाच रद्द ठरवली. जमिनीच्या संधारणाच्या नावाने ती नव्या कायद्यात परत आली आणि हळूहळू कुळाचा वाटा वाढवला गेला. आता तरी भले झाले का? नाही. वाटा द्यावा लागतो असे दिसताच पुष्कळ मालकांनी कूळ काढून त्या जागी रोजंदारीचा मजूर ठेवला. मजुराला वाटा नसतो. जानेवारी 1939 मध्ये मिसुरी राज्यात ओवेन व्हिटफील्ड यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड हजार बेदखल माणसे आपली भांडी-अंथरुणे घेऊन ऐन थंडीत महामार्गाच्या कडेला येऊन बसली. 1940 च्या शिरगणतीत अर्धेलीच्या कुळांचा आकडा 5 लाख 41 हजारांवर आला होता. त्याला ट्रॅक्टरही कारण होता. पण कित्येक ठिकाणी तो ट्रॅक्टर सरकारी चेकातूनच विकत घेतलेला होता.

ती काउंटी समित्यांची पद्धत अमेरिकेत पुढेही टिकली. काळ्या शेतकऱ्यांना कर्जे व मदत देताना भेदभाव झाला, हा त्यांचा दावा 1999 साली तडजोडीने मिटला आणि सरकारला सुमारे एक अब्ज डॉलर मोजावे लागले. साठ-पासष्ट वर्षांनंतर! तोवर कितीकांच्या जमिनी गेल्या होत्या.

आपल्याकडे 1948 चा कूळ कायदा झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, आणि कसणाऱ्याला मालक करण्याचे मोठे काम झाले, हे खरे. तरी आजही तोंडी बोलीवर जमीन कसणारे, वाट्याने करणारे पुष्कळ आहेत. 2019 पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6000 रुपये देते. ते ज्याच्या नावे जमीन आहे त्याला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्याचे काय, हे विचारायला तो कृषी कचेरीत गेला, तर तिथला कर्मचारी त्याला काय सांगणार? त्याच्याही फॉर्मला रकाना नाही.

आता आमची चूक. एका दुष्काळी वर्षी आमच्या संघटनेने धान्य जमवून वाटले. यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही प्रामाणिकपणे, रात्र जागून, वर्गणीची पावती असलेल्या प्रत्येकाचे नाव लिहिले. वाटपाच्या दिवशी फाटकाबाहेर कंत्राटदाराकडच्या झाडूवाल्या बायका उभ्या होत्या. त्या कधीच सभासद नव्हत्या, कारण आम्ही त्यांना कधी सभासद करून घेतलेच नव्हते. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "दादा, पावती न्हाई म्हंजे भूकबी न्हाई व्हय?" आम्ही यादी दाखवली. यादीत एकही खोटे नाव नव्हते. त्या दिवशी आम्ही तिला धान्य दिले नाही. नियम तसा होता, आणि तो आम्हीच केला होता.

म्हणून त्या काउंटीतल्या अधिकाऱ्यावर दगड उचलायला आमचा हात धजत नाही. मात्र त्याच्या गोष्टीतून एक सवय आम्ही लावून घेतली आहे. कोणतीही यादी हाती आली की आम्ही आधी नावे वाचीत नाही. फाटकाबाहेर जाऊन कोण उभे आहे ते पाहून येतो, आणि मग यादी करायला बसतो. पुढच्या वर्षी सभासद नोंदणी आम्ही झाडूवाल्या बायकांपासून सुरू केली. ती म्हातारी तोवर गावी निघून गेली होती.