मस्करीची कुस्करी

श्रोतेहो, शाळेच्या आवारात दोन मुलांची झोंबाझोंबी होते, एकाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि गुरुजी दुसऱ्याला जाब विचारतात. त्याचे उत्तर ठरलेले असते : "गुरुजी, मी नुसती गंमत करत होतो!" हे उत्तर ज्याने ऐकले नाही असा शिक्षक शोधून सापडायचा नाही. हेच उत्तर मोठ्या माणसांनी, शाळेबाहेर, हजारो लोकांच्या देखत कसे दिले आणि त्याचा निवाडा कसा झाला, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. हा इतिहास टेलिव्हिजनच्या पडद्यावरचा आहे. ज्यांना 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतात, म्हणजे ज्यांत नट पाठ केलेले संवाद म्हणत नाहीत, तर खरीखुरी माणसे स्पर्धक म्हणून एकत्र राहतात, अशा कार्यक्रमांचा.

तसे पाहिले तर थट्टा आपल्याला नवी नाही. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि आपला मान वसूल करतो. सारा मांडव हसतो, नवरदेवही हसतो. तोच कान दुसऱ्या दिवशी भर बाजारात एखाद्या परक्याने पिळला, तर काय होईल? मारामारीच होईल! कान तोच, पिळणेही तेच. मग फरक कशात पडला? फरक पडला तो संमतीत. मांडवात दिवस ठरलेला, नाते ठरलेले, आणि कान कितपत पिळायचा तेही ठरलेले. आपल्या जुन्या थट्टेला अशी वेसण होती. ही वेसण सुटली, की मस्करीची कुस्करी होते.

आता पडद्याकडे वळू. या कथेचा आरंभ पडद्यावर नव्हे, तर रेडिओवर झाला. अ‍ॅलन फंट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या संदेशवहन दलात होते. सैनिकांची गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम त्यांच्याकडे होते. परंतु यंत्रावरचा लाल दिवा लागला, की बोलका शिपाईही मुका होई. फंट यांनी युक्ती केली. दिव्याची तारच काढून टाकली! शिपाई मोकळेपणी बोलू लागले. पण आपले बोलणे टिपले जात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. याच युक्तीतून १९४७ साली 'कँडिड मायक्रोफोन' हा रेडिओ कार्यक्रम निघाला, १९४८ मध्ये तो टेलिव्हिजनवर आला, आणि पुढे 'कँडिड कॅमेरा' या नावाने जगभर गाजला. लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर एखाद्या बेसावध माणसाची फजिती करायची, आणि मग त्याला कॅमेरा दाखवायचा. चित्रण प्रक्षेपित करावयाचे तर त्या माणसाची लेखी परवानगी घेत. म्हणजे संमती होती, पण ती फजितीनंतरची. सगळे हसत असता "नाही" म्हणायला केवढे धैर्य लागते, ते ज्याची फजिती झाली त्यालाच ठाऊक!

पुढे पन्नासएक वर्षांनी हा क्रम उलटला. १९९९ च्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये 'बिग ब्रदर' सुरू झाले. हे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या कादंबरीतून घेतलेले. काही स्त्री-पुरुष एका घरात कोंडून घ्यायचे, बाहेरच्या जगाशी संबंध नाही, आणि रात्रंदिवस कॅमेऱ्यांची नजर. त्याचाच अवतार 'बिग बॉस' २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत आला. येथे कॅमेरा लपवलेला नाही. स्पर्धक घरात पाऊल टाकण्यापूर्वीच करारावर सही करतो. आता तुम्ही म्हणाल, "सही केली ना? मग तक्रार कसली?" सारी मेख इथेच आहे, बरं का!

पैलवान फडात उतरतो तो चितपट होण्याची तयारी ठेवूनच. पण कुस्ती संपल्यावर तो पंगतीत जेवायला बसला असता मागून येऊन कोणी त्याला धोबीपछाड घातली, तर "तू फडात उतरला होतास ना?" असे म्हणता येईल काय? स्पर्धकाची सही असते ती कार्यक्रम करणाऱ्या कंपनीच्या कागदावर. मला पाहा, माझे चित्र दाखवा, मला हरवा, एवढीच त्या सहीची धाव. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या स्पर्धकाच्या हाती तिने कोणताही हक्क दिलेला नसतो.

ही गोष्ट जगाला कळली ती ऑस्ट्रेलियात. तेथील क्वीन्सलँड प्रांतातल्या 'बिग ब्रदर'च्या घरात १ जुलै २००६ च्या पहाटे एका पुरुष स्पर्धकाने एका स्त्री स्पर्धकाला धरून ठेवले, आणि दुसऱ्याने तिच्या तोंडाशी एक ओंगळ, लैंगिक स्वरूपाची कृती केली. तिचे वर्णन येथे करीत नाही. तिकडे पोरासोरांत या प्रकाराला 'थट्टा' म्हणूनच एक नाव रूढ होते. हा प्रकार टेलिव्हिजनवर नव्हे, पण इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणात लोकांनी पाहिला. दोघांनाही घराबाहेर काढण्यात आले. कार्यक्रमच बंद करावा, असे त्या देशाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी जाहीरपणे सुचवले. पोलिसांनी चौकशी केली, पण खटला उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपणही नियमांच्या कक्षेत आणणारा कायदा तेथे झाला.

यात ध्यानात ठेवण्यासारखे काय आहे? कायद्याने गुन्हा ठरला नाही, तरी आयोजकांनी ती कृती खेळाबाहेरची ठरवली. जे अपराध म्हणून सिद्ध होत नाही, ते सारे योग्यच असते असे नाही. आणि ज्याला कोणी धरून ठेवले आहे, त्याला थट्टेत सामील झाला असे म्हणणे म्हणजे भाषेचीच थट्टा होय.

मग "नाही" असे स्पष्ट म्हटले तर? त्याचे उत्तर २०१९ साली मिळाले. अमेरिकेतील 'सर्व्हायव्हर' या कार्यक्रमात स्पर्धक निर्जन जागी राहतात आणि मते देऊन एकमेकांना बाहेर काढतात. फिजी बेटांवर झालेल्या त्या स्पर्धेत एका स्त्रीने सांगितले, की एक पुरुष स्पर्धक वारंवार अंगाला हात लावतो, ते मला आवडत नाही. आयोजकांनी त्याला ताकीद दिली. पण तो खेळात राहिला, आणि तीच मतदानात बाहेर गेली! दोन सहस्पर्धक स्त्रियांनी तिच्या गाऱ्हाण्याचा खेळातील डावासाठी उपयोग केला. पुढे त्यांनी जाहीर माफीही मागितली. नंतर कॅमेऱ्याबाहेरच्या आणखी एका घटनेमुळे त्या पुरुषाला काढण्यात आले. त्यानंतर नवे नियम आले : नको असलेला स्पर्श खेळाचा भाग मानला जाणार नाही, आणि गुप्तपणे तक्रार ऐकणारा स्वतंत्र माणूस जागेवर हजर असेल. आरंभ १९४७ चा, आणि ही साधी गोष्ट कागदावर यायला २०१९ उजाडले!

श्रोतेहो, या बाबतीत आपला महाराष्ट्र मागे नव्हता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. ज्या १९९९ साली हॉलंडात ते घर उघडले, त्याच साली आपल्या राज्यात रॅगिंगला बंदी करणारा कायदा झाला. शिक्षण देणाऱ्या संस्था आणि वसतिगृहे त्याच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल, असे वर्तन म्हणजे रॅगिंग, असे तो कायदा सांगतो. आणि त्यात चिडवणे, चेष्टा करणे, तसेच विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही असे काही त्याला करायला लावणे, हेही मोडते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. इतकेच नव्हे, तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे हे संस्थाप्रमुखाचे काम आहे. त्याने डोळेझाक केली, तर त्यानेही अपराधाला साहाय्य केले असे धरले जाते. पाहणाऱ्यावरही जबाबदारी असते. मग तो कॅमेऱ्यामागे बसलेला असो, की मुख्याध्यापकाच्या खुर्चीत.

मुले घरी हे कार्यक्रम पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच करून पाहतात. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एकच विनंती. "गंमत करत होतो" हे उत्तर आले, की ते देणाऱ्याशी वाद घालत बसू नका. ज्याच्यावर गंमत झाली त्याला बाजूला घ्या, चारचौघांत नव्हे, एकट्याला, आणि विचारा, "बाळ, तुला गंमत वाटली का?" चारचौघांत तोही हसेल, कारण न हसणारा एकटा पडतो. एकट्यात मात्र तो खरे बोलेल. मुलांनी तळ्यात दगड मारले, तेव्हा बेडूक काय म्हणाला, ती गोष्ट आपण सारे लहानपणी ऐकत आलो. तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो, एवढेच तो म्हणाला. गोष्टीतल्या मुलांनी ते ऐकले आणि दगड टाकून दिले. ते ऐकण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर थट्टा गावातून नाहीशी होणार नाही. उलट ती निर्मळ होईल, आणि जिची थट्टा झाली तीही मनापासून हसेल.