यंत्रांची बाळबोध लिपि

बारामती आणि इंदापूर हे तालुके एके काळीं दुष्काळी मुलखांत गणले जात. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदण्यांत आला. १८८५ सालीं तो वाहूं लागला, आणि बाजरी-जोंधळ्याच्या रानांत ऊस उभा राहिला. आरंभीं त्याचा गूळ होई. गुऱ्हाळाचा चरक आणि चुलाण गांवचे कारागीर डोळ्यांच्या मापानें उभारीत; त्यांस नकाशाची गरज नव्हती.

१९३२ सालीं सरकारनें देशी साखरधंद्यास संरक्षण दिलें. त्याच दशकांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ ऊसमळा आणि साखर कारखाना उभारला. तेंच आजचें वालचंदनगर. गुऱ्हाळ आणि कारखाना यांतील एक मोठा भेद माल वाहण्याच्या रीतींत आहे. गुऱ्हाळांत माणसें मोळी उचलून चरकाशीं नेतात. कारखान्यांत ऊस गव्हाणींत पडला कीं साखळीवरील फळ्या त्यास ओढून नेतात. पिळलेलें चिपाड दुसरी साखळी भट्टीकडे पोंचविते. तयार साखर रहाटगाडग्यासारख्या बादल्यांच्या माळेनें वर चढते. ह्यांतील एक दुवा तुटला तरी सारें गळीत थांबतें, आणि तोडलेला ऊस जितका खोळंबेल तितकी त्यांतील साखर घटत जाते.

त्या काळीं अशीं यंत्रें बहुतांशीं परदेशांतून येत, आणि त्यांबरोबर त्यांचे नकाशेहि येत. पण नकाशांची भाषा एक नव्हती. ब्रिटन व युरोप येथील रेखाटन प्रथम कोन पद्धतीचें, तर अमेरिकेचें तृतीय कोन पद्धतीचें. त्यामुळें यंत्राच्या उजव्या बाजूचें दृश्य एकींत डावीकडे मांडलें जाई, तर दुसरींत उजवीकडे. कोणी इंच लिही, कोणी मिलिमीटर. साखळीच्या कड्यांमधील अंतर किंचित् चुकीचें वाचलें गेलें, तरी नवी साखळी जुन्या दातेरी चाकावर नीट बसत नाहीं. शिवाय ज्याच्या खुणा त्यालाच ठाऊक, त्याच्याच दारीं प्रत्येक सुट्या भागासाठीं जावें लागतें. म्हणजे खुणांचा हा प्रश्न केवळ सुबकपणाचा नसून स्वावलंबनाचा होता.

ब्रिटननें १९२७ सालीं यंत्ररेखाटनाचें प्रमाण ठरविलें. भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. तिनें १९५५ मध्यें रेखाटनाचे नियम, 'आय. एस. ६९६', प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षीं दशमान मापांचा कायदा झाला, आणि इंच-मणांच्या जागीं मिलिमीटर व किलोग्रॅम येण्याचा मार्ग मोकळा झाला. वाहून नेण्याच्या मालासहि चिन्हें मिळालीं. साखर घरंगळते, चिपाड गुंततें, कोळसा पट्टा झिजवितो. म्हणून वजन, आकार, वाहतेपणा आणि घर्षण हे गुण थोडक्या अक्षर-अंकांत सांगणारें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ सालीं आलें, आणि १९७८ सालीं भारतीय प्रमाणहि निघालें.

दरम्यान वालचंदनगर येथेंच साखर कारखान्यांचीं यंत्रें घडूं लागलीं, आणि माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले. १९८२ नंतर संगणकावरील रेखाटनाचा प्रसार झाला. दोन वर्तुळें आणि त्यांस जोडणाऱ्या दोन रेषा, एवढ्यानें वाहता पट्टा दाखवितां येतो. हें चिन्ह एकदां काढून सांठविलें कीं शंभर नकाशांत ठेवतां येतें, आणि एका कचेरींतून दुसरीस पाठवितां येतें. पण ह्या सोयींत धोकाहि आहे. चिन्ह पट्टा आहे एवढेंच सांगतें. त्याची रुंदी, वेग आणि चढ सांगत नाहीं. शिवाय मूळ चिन्हांत चूक असेल, तर ती शंभर नकाशांत जाते. म्हणून वाटून घेतलेल्या प्रत्येक चिन्हाबरोबर मापें, प्रमाणाचा क्रमांक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असलीच पाहिजे.

पेशवाईचीं दप्तरें मोडींत लिहिलेलीं आहेत. ती लिपि भरभर चाले. परंतु प्रत्येक कारकुनाचें वळण निराळें, आणि आज तीं दप्तरें वाचावयास तज्ज्ञ शोधावा लागतो. छापखान्यानें बाळबोध लिपि घरोघरीं नेली, तेव्हां एकाचा ग्रंथ साऱ्यांस वाचतां येऊं लागला. यंत्रांच्या नकाशांचेंहि तसेंच आहे. गव्हाणीवरील साखळीचा नकाशा बारामतीच्या लहानशा कर्मशाळेंतील फिटरास जितक्या सहजपणें वाचतां येईल, तितकी ती साखळी लवकर दुरुस्त होईल, आणि बांधावर पडलेला शेतकऱ्याचा ऊस वाळण्यापूर्वीं गव्हाणींत पडेल.