सहा घरांचा तक्ता आणि आपलं क्रियापद



आजच्या विषयाचं निमित्त घरचंच आहे. माझी नात पुण्यात स्पॅनिश शिकते. दिवाळीत ती पाथर्डीला आली तेव्हा ओसरीवर बसून मोठ्यानं घोकत होती: कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान. मला वाटलं, शाळेतला ‘रामः रामौ रामाः’ परत आला की काय! विचारलं तेव्हा कळलं की ‘कान्तार’ म्हणजे गाणे. हे त्याचं वर्तमानकाळाचं रूप चालवणं चाललं होतं. मी गातो, तू गातोस, तो गातो, आम्ही, तुम्ही, ते. सहा घरं, सहा रूपं.

मग ती म्हणाली, "आजोबा, आपल्या मराठीचा असा तक्ता करून द्या ना." मी कागद घेतला, सहा घरं आखली, आणि पहिल्याच घरात अडकलो. ‘मी गातो’ लिहू की ‘मी गाते’? स्पॅनिशमध्ये ‘कान्तो’ म्हटल्यावर गाणारा बाप्या की बाई, ते कळत नाही. मराठीत ते लपवताच येत नाही. वर्तमानकाळातच ही गत, तर भूतकाळात काय होईल? तो तक्ता त्या दिवशी पुरा झाला नाही. तो का झाला नाही, हेच आज सांगायचं आहे. हा प्रश्न व्याकरणाचा दिसतो, पण त्याच्या पोटात इतिहास आहे.

आता हा सहा घरांचा तक्ता आला कुठून? लॅटिन व्याकरणातून. स्पेनमधल्या अंतोनिओ दे नेब्रिहा या पंडितानं १४९२ साली कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचं, व्याकरण छापलं आणि राणी इसाबेलाला अर्पण केलं. साल नीट लक्षात घ्या. त्याच ऑगस्ट महिन्यात कोलंबसाची जहाजं निघाली होती. भाषा ही नेहमी साम्राज्याची सोबतीण असते, असा विचार नेब्रिहानं प्रस्तावनेतच मांडला आहे. नव्यानं जिंकलेल्या लोकांना जेत्यांची भाषा शिकावी लागेल, त्यासाठी व्याकरण हवं, असा तो हिशेब होता.

नेब्रिहा माणूस मात्र बारकाईनं बघणारा. स्पॅनिश भविष्यकाळ बघा: कान्तारे, म्हणजे ‘मी गाईन’. त्यानं ओळखलं की हे एक रूप नाही, दोन शब्दांचा जोड आहे: ‘कान्तार’ हे मूळ क्रियापद, आणि ‘ए’ म्हणजे ‘मजजवळ आहे’. ‘मला गायचं आहे’ म्हणता म्हणता ‘मी गाईन’ झालं. आपल्याकडे तरी काय झालं? ‘करील’ हे रूप फोडा. ‘करी’ अधिक ‘ल’. ‘करी’ हा जुना वर्तमानकाळ. इथून उत्तरेला नेवाशात बसून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ग्रंथ सांगितला, त्या काळी ‘करी’, ‘म्हणे’, ‘जाय’ म्हणजे आत्ता करतो, म्हणतो, जातो. पुढे त्याला ‘ल’ लागून भविष्यकाळ झाला. आणि नुसतं ‘करी’ राहिलं ते मागं सरकून रीतिभूतकाळ झालं: ‘आजी पहाटे उठे, जात्यावर ओव्या गाई.’ एकच रूप. ज्ञानदेवांना ते वर्तमान होतं, आपल्याला ते आठवण आहे.

या रीतिभूतकाळाला स्पॅनिशमध्ये सख्खा जोडीदार आहे. ‘कान्ताबा’ म्हणजे गात असे, गाई. आणि शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हटलेलं ‘कान्तो’ म्हणजे एकदाच गायला आणि संपलं. जोर पहिल्या अक्षरावर असेल तर तेच ‘मी गातो’. एवढ्याशा आघातावर माणूस आणि काळ दोन्ही बदलतात. नातीला हे दोन भूतकाळ वेगळे ठेवणं जड जात होतं. मी तिला म्हटलं, ‘पणजी ओव्या गाई’ आणि ‘पणजीनं काल ओवी गायली’ यांतला फरक तुला कळतो ना? मग तुला स्पॅनिश निम्मं आलं.

आता गोव्याकडे वळू. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. आपण त्याला ‘ख्रिस्तपुराणा’मुळे ओळखतो. १६१६ साली छापलेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ. त्यानंच तिथल्या बोलीचं, म्हणजे कोकणीचं, व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. त्याचा साचा अर्थातच लॅटिन. आणि गंमत बघा, १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. म्हणजे स्टीफन्स गोव्यात कोकणी क्रियापदं चालवून बघत होता तेव्हा, एक पहिलं वर्ष सोडलं तर, नेब्रिहाच्या देशाचा राजा गोव्याचाही धनी होता.

पुढची गोष्ट गमतीची नाही. ज्या सत्तेच्या मुलखात हे व्याकरण छापलं गेलं, तिनंच १६८४ साली फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडावी आणि पोर्तुगीज बोलावं. व्याकरण १६४० चं, फर्मान १६८४ चं. चव्वेचाळीस वर्षं. भाषा शिकण्यासाठी केलेला तक्ता आणि भाषा पुसण्यासाठी काढलेला हुकूम, यांत एका पिढीचंच अंतर होतं. बोली अर्थात पुसली गेली नाही. ती घरात, शेतात, स्वयंपाकघरात राहिली.

मराठीचा साचाही आधी बाहेरून आला. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, सेरामपूरहून. मग १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं आलं. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते! समोर एकीकडे संस्कृत व्याकरण, दुसरीकडे इंग्रजी. मराठी दोन्हींत नीट मावत नव्हती. कुठे मावत नव्हती, ते सांगतो.

‘मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली. मी बोर खाल्लं.’ खाणारा एकच, पण क्रियापद तीन वेळा बदललं. ते खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. स्पॅनिश तक्त्यात घरं कर्त्याची असतात. इथे घरं कर्माची हवीत. शिवाय ‘तू चिंच खाल्लीस’ म्हटलं की ‘ली’ चिंचेची आणि ‘स’ तुझा. क्रियापद दोन्हीकडे तोंड करून उभं! आपल्या वैयाकरणांनी त्याला कर्तृकर्मसंकर असं नावच दिलं आहे. बरं, सगळी सकर्मक क्रियापदं अशी वागतात म्हणावं, तर ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी चहा प्यायलो’. इथे पुन्हा कर्त्याचं राज्य.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. संस्कृतात भूतकाळाची तीन-तीन रूपं होती. बोलताना लोकांनी ती बाजूला ठेवली आणि ‘मया कृतम्’ म्हणू लागले, म्हणजे ‘माझ्याकडून केलं गेलं’. त्या ‘कृत’चं प्राकृतातून येता येता ‘केलं’ झालं. मूळ ते विशेषणच, म्हणून ते वस्तूचं लिंग धरतं. स्पॅनिशच्या घरातही हेच घडत होतं. ‘मी पत्रं लिहिलेली बाळगतो’ अशा लॅटिन रचनेतून त्यांचा ‘मी लिहिलं आहे’ हा काळ आला, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये ते ‘लिहिलेलं’ पत्रांप्रमाणे लिंगवचन बदलत असे. पुढे ते गोठून एकाच रूपात राहिलं. आपलं गोठलं नाही.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. मी तिसरीत असेन. वर्गात पाटी फुटली. गुरुजींनी विचारलं, कुणी फोडली? मी खरं ते सांगितलं: "म्या फोडली." छडी बसली. मला वाटलं, पाटीबद्दल. तर नाही, छडी ‘म्या’ म्हटल्याबद्दल होती! ‘मी म्हण, मी.’ आमच्या घरात सगळे ‘मी जातो’ म्हणत आणि ‘म्या केलं’ म्हणत. दोन कामांना दोन रूपं. पुढे विद्यापीठात जुनी मराठी वाचताना ‘म्यां’ आणि ‘त्वां’ पानोपानी भेटले, आणि कळलं की हे ‘मया’, ‘त्वया’ यांचे वारस आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकांतही ‘म्यां केलें’ दिमाखात बसलेलं आहे. प्रमाण मराठीनं ते टाकलं, आमच्या वस्तीवरच्या बायाबापड्यांनी जपलं, आणि जपल्याबद्दल त्यांच्या पोरांनी छड्या खाल्ल्या. ते गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या हातात एक तक्ता होता, एवढंच. तक्ता भाषेसाठी असतो, भाषा तक्त्यासाठी नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त वेगळी वाट धरलेली दिसते. काळाच्या नावापेक्षा रूपाकडे बघा. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, अशी प्रत्ययावरून नावं. कारण एकच रूप अनेक काळांत जातं. बायको हाक मारते आणि आपण जागेवरून न हलता म्हणतो, "आलो!" रूप भूतकाळाचं, काम भविष्याचं, आणि खरं सांगायचं तर कधी कधी दोन्हींचं नाही.

शेवटी अर्थांकडे येतो, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिथंच थांबावंसं वाटतं. काळ सांगतो केव्हा. अर्थ सांगतो की बोलणारा त्या गोष्टीकडे कसा बघतो: घडलेली म्हणून, हवी म्हणून, की हुकली म्हणून. ॲरिस्टॉटलनं म्हटलं आहे की प्रार्थना हेही वाक्यच, पण ते खरंही नसतं आणि खोटंही नसतं, म्हणून ते त्यानं तर्कशास्त्राबाहेर ठेवलं. आपल्या मीमांसकांनी उलट केलं. ‘यजेत’ या एका रूपातला प्रत्यय माणसाला कामाला कसा लावतो, यावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले.

स्पॅनिशमध्ये या हवं-नकोच्या जगाला वेगळी रूपावली आहे. ‘कान्तास’ म्हणजे तू गातोस. ‘कान्तेस’ म्हणजे तू गावंस. ‘आ’चा ‘ए’ झाला की वस्तुस्थितीची इच्छा होते. ‘कोमेर’, खाणे, या गटात बरोबर उलट: ‘कोमेस’ म्हणजे तू खातोस, ‘कोमास’ म्हणजे तू खावंस. नातीला हे सब्जंक्टिव्ह समजत नव्हतं. मी म्हटलं, अगं, हा आपला ‘वावी-वे’. तू गावंस असं मला वाटतं. मात्र सगळीकडे जुळत नाही. ‘तू येशील तेव्हा जेवू’ इथे आपण सरळ भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश माणूस तिथेही हे शंकेचं रूप वापरतो. न घडलेल्या गोष्टीला तो वर्तमान धरत नाही.

आणि मग संकेतार्थ. पाऊस पडता तर पीक येतं. हा अर्थ आपल्या पाथर्डीला कुणी शिकवावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी तरुण होतो. लोक खडी फोडायला जात होते, सुकडी खात होते, आणि संध्याकाळी पारावर जे बोलणं चाले त्यात संकेतार्थाखेरीज दुसरा अर्थ क्वचितच ऐकू येई. विहिरीला पाणी असतं तर. बैल विकले नसते तर. पोरगं शाळेत राहिलं असतं तर. आजही दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघतात तेव्हा मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तीच वाक्यं असतात. व्याकरणाच्या पुस्तकात तो एक परिच्छेद असतो. इथे त्याच्यात माणसांची आयुष्यं गेली.

नातीला मी शेवटी तक्ता करून दिला. सहा घरांचा नाही, पाच पानांचा. शेवटच्या पानावर ‘म्या केलं’ही लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘हे चूक नाही, हे जुनं आहे.’ ती म्हणाली, "आजोबा, परीक्षेत चालेल का?" मी म्हटलं, परीक्षेत नाही चालणार. पण तुझ्या पणजीशी बोलता आलं असतं.

बघा, पुन्हा संकेतार्थ आला.