आश्विनातील क्रूझ : समुद्रावरचे हवामान आणि सोबतचे सामान

चवथीचे दिवस सरले की दसरा-दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि अलीकडे त्या बेतांत क्रूझचाही समावेश होऊ लागला आहे. मुंबई ते मुरगाव, किंवा पुढे लक्षद्वीप आणि कोची अशा सफरींची चौकशी करताना भाडे, खोली आणि जेवण यांविषयी बारकाईने विचारले जाते, हवामानाविषयी क्वचितच. ‘पाऊस गेला’ एवढी माहिती पुरेशी वाटते. किनाऱ्यावर ती पुरेशी असतेही. समुद्रावर मात्र पाऊस थांबणे आणि पाणी निवळणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे अंतर पडते. मुंबई-पणजी आगबोट चालू होती त्या काळी पावसाळ्याचे महिने ती बंदच असे, हे जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. आजची जहाजे त्याहून कितीतरी मोठी आणि स्थिर आहेत. समुद्र तोच आहे.

भारतीय हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार नैऋत्य मोसमी वारे सरासरीने १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघारी फिरू लागतात, ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई सोडतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला गोव्यासह देशाच्या बहुतेक भागांतून निघून जातात. याचा सरळ अर्थ असा की सप्टेंबरच्या अखेरीस निघणारी सफर ही पावसाळ्यातलीच सफर होय, जाहिरातीत आकाश कितीही निळे असो. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २६-२७ सप्टेंबरला, आणि हत्तीच्या पावसाची रीत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : सकाळ लख्ख, दुपारनंतर सह्याद्रीवर ढगांची चढाओढ, संध्याकाळी गडगडाटासह जोरदार सर. याच सुमारास वरच्या थरातील वारे पूर्वेकडून वाहू लागलेले असल्याने घाटावर तयार झालेले हे ढग किनाऱ्याकडे व पुढे समुद्रावर सरकतात. सर बहुधा तास-दीड तासात ओसरते. परंतु तिच्या अगोदर येणारा वाऱ्याचा झोत उघड्या डेकवरच्या खुर्च्या हलवण्याइतका जोराचा असू शकतो. विजा चमकू लागल्या की डेक सोडून आत जाणे हाच एक नियम.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चित्र पालटते. पाऊस तुरळक होतो, ऊन तापते. मुंबईत दिवसाचे तापमान ३३-३४ अंशांपर्यंत जाते, पणजीत ३१-३२ पर्यंत. रात्री पारा २३-२४ वर उतरतो. खोल पाण्यावर दिवस-रात्रीतला हा फरक बराच कमी असतो, कारण समुद्राचे पाणीच २८-२९ अंशांचे असते. थंडी वाजेल म्हणून गरम कपड्यांचे गाठोडे नेण्याचे कारण नाही. तरीही जहाजावर गारठणारे प्रवासी असतात. त्याचे पहिले कारण वातानुकूलित दालने, जिथे जेवण, नाटक, गाणी सारे चालते. दुसरे कारण जहाजाचा स्वतःचा वेग. १८ नॉट म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. हवा निश्चल असली तरी पुढच्या डेकवर उभ्या माणसाला तेवढा वारा लागतोच. पाऊस किंवा घामाने भिजलेल्या अंगाला तो सोसत नाही. एखादी शाल किंवा पातळ स्वेटर हवाच, आणि तो वृद्धांसाठी व मुलांसाठी आधी बांधावा.

आता लाटांविषयी. जुलैत या किनाऱ्याबाहेर तीन-चार मीटरच्या लाटा नित्याच्या असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या मीटरभरावर येतात. मधल्या काळात वारा पडलेला, आकाश स्वच्छ आणि तरीही जहाज झुलते आहे असा अनुभव येतो. दूरवरच्या वाऱ्यांनी उठवलेली लांबलचक लाट शेकडो किलोमीटर प्रवास करून इथवर पोहोचते, तिचा इथल्या हवेशी संबंध नसतो. शिवाय मुंबई-गोवा मार्ग किनाऱ्याला समांतर आहे आणि ही लाट बहुधा नैऋत्येकडून वा पश्चिमेकडून येते. म्हणजे ती जहाजाला समोरून न भिडता कुशीवर येते आणि जहाज पुढे-मागे होण्यापेक्षा डावीकडून उजवीकडे अधिक डोलते. मोठ्या जहाजांना हा झोल आवरणारे पंख असतात. तो कमी होतो, नाहीसा होत नाही. ज्यांना घाटातल्या बसमध्येही त्रास होतो त्यांनी समुद्रदर्शनाच्या मोहाने सर्वांत वरची, टोकाची खोली घेऊ नये. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते, आणि ती खोली बहुधा स्वस्तही असते.

मळमळीवरची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. निघण्यापूर्वी घ्यावी लागते. यातील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांना त्यातील काही घातक ठरू शकतात, म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी त्या परस्पर दुकानातून न आणता डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आल्याच्या वड्या, हलके जेवण आणि क्षितिजावर स्थिर नजर हे उपाय निरुपद्रवी आहेत आणि पुष्कळांना पुरतात.

खरी चिंता वादळांची. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एक मोसमी पावसाच्या आधीचा आणि दुसरा तो सरल्यानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ कोकणच्या मच्छीमारांना विसरता येण्याजोगे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीत, ‘क्यार’ अतितीव्र होऊन ओमानच्या दिशेने गेले. ते गोव्याला धडकले नाही. पण त्याच खवळलेल्या दिवसांत नाफ्ता भरलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज वाहत येऊन दोनापावलाजवळ खडकांत अडकले, हे दृश्य पणजीकरांनी किनाऱ्यावरून पाहिले आहे. अशा वेळी क्रूझ कंपनी मार्ग बदलते किंवा फेरी रद्द करते, आणि तो निर्णय योग्यच असतो. प्रवाशाने तिकीट काढतानाच फेरी रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात आणि बंदर बदलल्यास घरी परतण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी पाहून ठेवावे. परतीच्या दिवशीच कोणाचे लग्न किंवा विमान ठरवू नये.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचे पत्रक आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहत जावे. त्यात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. सव्वा ते अडीच मीटर म्हणजे मध्यम समुद्र, त्यावर खवळलेला. बंदरावर तीन क्रमांकाचा बावटा लागल्याची बातमी आली, तर खुद्द बंदरातच वादळी वाऱ्याची शक्यता आहे असे समजावे.

लक्षद्वीप व कोचीकडे जाणाऱ्यांना आणखी एक हिशोब करावा लागतो. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा केरळात ईशान्य मोसमी पाऊस, तेथील भाषेत ‘तुलावर्षम’, सुरू होत असतो. तेव्हा दिवाळीत गोवा कोरडा आणि कोची ओली, असे सहज घडते. लक्षद्वीपच्या बेटांभोवती उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेर थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून उतरतात. लाट मोठी असेल तर बेटावर उतरणेच रद्द होते. ज्यांना त्यासाठीच जायचे आहे त्यांनी शक्य तर पुढचे महिने निवडावेत.

सामानात सुती, लवकर वाळणारे कपडे असावेत. छत्रीऐवजी टोपीसह पातळ रेनकोट घ्यावा, कारण समुद्रवाऱ्यात छत्री उलटते. ओल्या डेकवर चामड्याच्या तळव्याचे बूट आणि उंच टाचा या दोहोंपेक्षा रबरी तळव्याची साधी चप्पल बरी, मात्र तिला मागे पट्टा हवा. रेशमी साडी हौसेने न्यावी, पण दमट खारी हवा तिला मानवत नाही. डोक्याची टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी असावी, आणि ढगाळ दिवशीही उन्हाचे मलम लावावे. पाण्यावरून परतणारे ऊन कळत नाही. मोबाइलच्या भिंगावर खारट थर बसतो, तो कोरड्या कापडाने न घासता किंचित ओल्या कापडाने टिपून घ्यावा.

मोठी बॅग बंदरावरच ताब्यात घेतली जाते आणि खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून रोजची औषधे, मूळ ओळखपत्र, एक कपड्यांचा जोड आणि ती शाल हातातल्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावीत.