कोलिस्टिनची दुसरी खेप

1970 साली बॉस्टनच्या काही डॉक्टरांनी एका अँटिबायोटिकचा हिशेब मांडला. 317 उपचारांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा साधारण पाचातल्या एका उपचारात औषधाने मूत्रपिंडाला इजा केल्याचं दिसलं. काही रुग्णांच्या मज्जासंस्थेलाही त्याचा त्रास झाला होता. औषधाचं नाव कोलिस्टिन. त्याच सुमारास जेंटामायसिन वापरात येत होतं. तेही मूत्रपिंडाला फार जपणारं नव्हतं, पण त्यातल्या त्यात बरं. मग डॉक्टरांनी कोलिस्टिनची इंजेक्शनं बाजूला सारली. कानात घालायच्या थेंबांत आणि मलमांत ते उरलं, सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना श्वासावाटे दिलं जात राहिलं. आणि त्याला एक असं गिऱ्हाईक मिळालं, ज्याच्या मूत्रपिंडाची चौकशी कुणी करत नव्हतं: डुकरं आणि कोंबड्या.

आज भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या आयसीयूत रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, ताप उतरत नाही आणि कल्चरचा रिपोर्ट येतो. जंतू क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. नातेवाईकांना सांगितलं जातं, "कोलिस्टिन सुरू केलंय." वैद्यकाने टाकून दिलेलं औषध पुन्हा पलंगाशी आलं कसं, हा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि बराचसा लाजिरवाणाही.

कोलिस्टिनचा जन्म जपानचा. फुकुशिमा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून कोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं केलं. साल 1950 च्या आसपासचं. 1959 मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. त्या काळी औषध बाजारात आणण्यापूर्वी ते शरीरात कुठे जातं, किती वेळ टिकतं, किती मात्रा पुरते, हे आजच्याइतकं काटेकोर तपासायची पद्धत नव्हती. ही ढिलाई पुढे फार महागात पडली.

त्याचं लक्ष्य होतं ग्राम-निगेटिव्ह जंतू. 1884 मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स क्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टराने जंतूंना जांभळा रंग देऊन मग अल्कोहोलने धुवायची युक्ती काढली. काही जंतूंनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह. त्यांना पेशीभित्तिकेच्या बाहेर आणखी एक पापुद्रा असतो, आणि तो पुष्कळ औषधांना आत शिरूच देत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून 1955 पासून निघू लागलेल्या पेनिसिलिनचीही आतड्यातल्या या जंतूंपुढे फारशी मात्रा चालत नसे. कोलिस्टिन मात्र थेट त्या बाहेरच्या पापुद्र्यालाच भिडतं. पापुद्र्याला घट्ट धरून ठेवणारे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे कण ते बाजूला सारतं आणि ओशट भांड्यावर साबण चालावा तसं त्याला विरघळवतं.

जंतूंचं दुसरं हत्यार म्हणजे औषध तोडणारी विकरं. ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी आतड्यातल्या जंतूत पेनिसिलिन फोडणारं विकर सापडल्याचं डिसेंबर 1940 मध्ये छापलं. त्यांच्या पेनिसिलिनने पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले फेब्रुवारी 1941 मध्ये. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधीच त्याचा उतारा जंतूंकडे तयार होता! पुढे 1950 च्या दशकाअखेर जपानमध्ये आमांशाच्या जंतूंचा अभ्यास करताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली: अनेक औषधांना एकदम न जुमानण्याची ताकद एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. ही देवाणघेवाण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वेटोळ्यांतून होते, आणि त्यात जातपात पाळली जात नाही. ई. कोलाय क्लेब्सिएलाला देतो, क्लेब्सिएला आणखी कुणाला.

औषधकंपन्यांनी त्यावर नवनवी औषधं काढली. 1985 मध्ये अमेरिकेत आलेलं इमिपेनेम आणि त्याच्या कार्बापेनेम कुळातली पुढची औषधं ही त्या धावण्यातली मोठी झेप होती. बरीच वर्षं ती शेवटची ढाल मानली गेली. ग्राम-निगेटिव्हसाठी अगदी नव्या कुळातलं औषध मात्र त्यानंतर जवळपास आलंच नाही. होत्या त्याच रेणूंना नव्या शेपट्या जोडून काम भागवलं गेलं. 1996 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात मिळालेल्या क्लेब्सिएलात कार्बापेनेम फोडणारं केपीसी हे विकर सापडलं आणि ढालीला पहिली मोठी भेग पडली. तिकडे साओ पावलोच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये लिहिलं, की दुसरा मार्ग न उरलेल्या 60 संसर्गांत त्यांनी जुनं कोलिस्टिन वापरलं आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक बरे झाले. न्यूमोनियात मात्र चारातला एकच. कोलिस्टिनची दुसरी खेप सुरू झाली ती अशी, नाइलाजाने.

भारतातली गोष्ट 2008 पासून सुरू होते. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला मिळाला. त्यात कार्बापेनेम फोडणारं एक नवंच विकर होतं, आणि त्याच रुग्णाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येही त्याचं जनुक होतं. शोधकर्त्यांनी त्याला नाव दिलं न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-1. ऑगस्ट 2010 मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये चेन्नई, हरियाणा, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या जंतूंवर निबंध आला, आणि दिल्लीत भडका उडाला. संसदेत कारस्थानाची भाषा झाली. आरोग्य मंत्रालयाने नावाला आणि वैद्यकीय पर्यटनाशी जोडलेल्या संबंधाला आक्षेप घेतला. जानेवारी 2011 मध्ये 'लॅन्सेट'च्या संपादकांनी दिल्लीचं नाव देणं चुकलं असं म्हणून दिलगिरीही व्यक्त केली.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. परदेशी निबंधाच्या पाच महिने आधी, मार्च 2010 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात आपली तपासणी छापली होती. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 मध्ये त्यांना एनडीएम-1 मिळालं होतं. त्याच अंकात चेन्नईच्या अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा जणू मृत्युलेखच लिहिला होता. आपल्याच प्रयोगशाळेतला, आपल्याच डॉक्टरांनी दिलेला इशारा समोर असताना सरकार विकराच्या बारशावरून भांडत बसलं, हे त्या काळचं सगळ्यात मोठं अपयश म्हणावं लागेल. एप्रिल 2011 मध्ये दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या 50 नमुन्यांतल्या दोन आणि साचलेल्या सांडपाण्याच्या 171 नमुन्यांतल्या 51 मध्ये ते जनुक होतं. म्हणजे प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींपलीकडे गटारापर्यंत पोचला होता.

एनडीएमवाल्या बहुतेक जंतूंवर तेव्हाही चालत होती ती दोनच नावं: टायगेसायक्लिन आणि कोलिस्टिन. त्यामुळे आयसीयूत कोलिस्टिनचा खप वाढला. पण द्यायचं किती? अमेरिकेत मात्रा मिलिग्रॅममध्ये, युरोपात आणि आपल्याकडे दशलक्ष युनिटांत. इंजेक्शनमधलं औषध शरीरात गेल्यावर मग कुठे खऱ्या कोलिस्टिनमध्ये बदलतं, तेही अर्धवट आणि हळूहळू. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या रॉजर नेशन आणि जियान ली यांच्यासारख्या संशोधकांनी औषध म्हातारं झाल्यावर त्याचा मूळ अभ्यास केला. रुग्णाला सुरुवातीलाच मोठी मात्रा द्यावी लागते, नाहीतर रक्तातली पातळी चढायलाच दोनेक दिवस जातात, हे तेव्हा कळलं. प्रयोगशाळेतही घोटाळा होताच. कोलिस्टिनचा रेणू मोठा, ज्या जेलीवर जंतू वाढवतात त्या आगरमध्ये नीट पसरत नाही. त्यामुळे चकती ठेवून करायची नेहमीची चाचणी इथे फसवते, आणि रिपोर्टातला 'एस', म्हणजे औषध चालेल हा शेरा, खोटा निघू शकतो.

मग ती डुकरं पुन्हा गोष्टीत आली. नोव्हेंबर 2015 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी शांघायच्या एका डुकरातल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-1 हे जनुक सापडल्याचं जाहीर केलं. ते कोलिस्टिनला निष्प्रभ करतं आणि प्लाझ्मिडवर बसून फिरतं. त्यांनी तपासलेल्या 804 जनावरांपैकी 166 च्या ई. कोलायमध्ये आणि 1322 रुग्णांपैकी 16 च्या जंतूंमध्ये ते होतं. जनावरं लवकर पोसावीत म्हणून खाद्यात वर्षानुवर्षं कोलिस्टिन घातलं जात होतं, त्याचं हे फळ. चीनने 2017 पासून तो वापर थांबवला. भारताने जुलै 2019 मध्ये कोंबड्या, मासे आणि खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन आणि विक्री बंद केली. निर्णय योग्य होता, पण फार उशिरा आला. शिवाय आपल्या रुग्णालयांतल्या क्लेब्सिएलाला एमसीआरची गरजही फारशी पडत नाही. त्याच्या स्वतःच्या एका जनुकात छोटासा बिघाड झाला की बाहेरचा पापुद्रा बदलतो आणि कोलिस्टिन घसरून जातं.

दोन औषधं जोडून दिली तर? आयसीयूत ही सवय फार रुळलेली. इस्राएल, ग्रीस आणि इटलीत 406 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2018 मध्ये आला: कोलिस्टिनला कार्बापेनेम कुळातल्या मेरोपेनेमची जोड देऊन फरक पडला नाही. त्या रुग्णांत बहुतेकांना अ‍ॅसिनेटोबॅक्टरने गाठलं होतं. हा जंतू पलंगाच्या दांड्यावर, मॉनिटरच्या बटणावर कोरड्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणून संसर्ग आवरणाऱ्या पथकाचं निम्मं काम हात धुवायला लावण्याचं असतं.

नवी औषधं अखेर आली. शत्रूला लोहाची भूक असते, हे हेरून लोहाला चिकटून आत शिरणारं सेफिडेरोकॉल 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 1980 च्या दशकातलं अ‍ॅझट्रिओनॅम एनडीएमला फोडता येत नाही. त्याला इतर विकरं रोखणाऱ्या अ‍ॅव्हिबॅक्टमची साथ देऊन केलेली जोडी 2024 मध्ये युरोपात मान्य झाली. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, वोक्हार्ट संशोधन केंद्रातून झिडेबॅक्टम आलं. ते सेफेपिम या अँटिबायोटिकच्या जोडीने द्यायचं. सेफेपिम जंतूच्या भिंतीचं एक प्रथिन अडवतं आणि झिडेबॅक्टम दुसरं, त्यामुळे एनडीएम असूनही जंतू तग धरत नाही. या जोडीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गात मेरोपेनेमशी तुलना करून झाली.

पैशाची बाजू मात्र भयंकर आहे. प्लाझोमायसिन या औषधाला जून 2018 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि ते बनवणाऱ्या कंपनीने एप्रिल 2019 मध्ये दिवाळं काढलं. औषध चांगलं असेल तर ते जपून, क्वचितच वापरायचं, आणि क्वचित वापरलं तर कंपनी बुडते. या पेचावर उपाय सापडेपर्यंत झिडेबॅक्टमसारख्या औषधांच्या वापराचे नियम ती सर्रास विकली जाण्याआधीच ठरले पाहिजेत. कोलिस्टिनला पहिली परवानगी 1959 मध्ये मिळाली. त्याच्या मात्रेबद्दल जगभरच्या तज्ज्ञांचं एकमताचं मार्गदर्शन आणि भारतातली पशुखाद्यातल्या त्याच्या वापरावरची बंदी, दोन्ही आली 2019 मध्ये, साठ वर्षांनी.