ग्राफिक्स कार्डांचे भाव उतरणार का? खरेदीची योग्य वेळ कोणती?

चंदीगडच्या सीमेला लागून असलेल्या मोहाली येथे केंद्र सरकारची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आलेली 'विक्रम' ही स्वदेशी चिप याच ठिकाणी तयार झाली. मात्र तेथून काही किलोमीटरवर, चंदीगडच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा भाव मोहालीत ठरत नाही. तैवानमधील कारखाने, मोजक्या मेमरी कंपन्या आणि डॉलरचा दर यांवर तो ठरतो.

भाव उतरेपर्यंत थांबावे की आताच खरेदी करावी, या प्रश्नाचे उत्तरही याच तीन गोष्टींत आहे. यापूर्वी भाव जेव्हा कोसळले, तेव्हा मागणी अचानक आटली होती. २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या दरवाढीचे मूळ मेमरीच्या टंचाईत आहे. त्यामुळे केवळ मोठ्या उताराच्या आशेवर गरजेची खरेदी लांबवणे हिताचे ठरत नाही.

मोहालीतील चिप आणि बाजारातील कार्ड

मोहालीतील या संस्थेत १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये लागलेल्या आगीत कारखान्याची मोठी हानी झाली आणि देशाच्या चिपनिर्मितीची वाटचाल अनेक वर्षे मागे पडली. सध्या येथे १८० नॅनोमीटर तंत्राच्या चिप तयार होतात. अवकाश व संरक्षण क्षेत्रासाठी हे तंत्र उपयुक्त आहे, कारण तेथे वेगापेक्षा विश्वासार्हतेला अधिक महत्त्व असते.

ग्राफिक्स कार्डाचे जग मात्र बरेच पुढे गेले आहे. २००० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या 'जीफोर्स २' कार्डाची चिप १८० नॅनोमीटर तंत्राची होती. आजची कार्डे ५ नॅनोमीटर श्रेणीच्या आसपासच्या तंत्रावर बनतात. एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्या चिपची रचना करतात, परंतु त्यांच्या प्रमुख चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात. भारतीय ग्राहकासाठी ग्राफिक्स कार्ड ही पूर्णतः आयातीवर अवलंबून असलेली वस्तू आहे.

यापूर्वी भाव केव्हा उतरले?

गेल्या दशकात ग्राफिक्स कार्डांच्या दोन मोठ्या तेजी आल्या. पहिली २०१७-१८ मधील. 'इथेरियम' या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी ही कार्डे घाऊक प्रमाणात वापरली जात होती. २०१८ मध्ये चलनाचे मूल्य घसरले, मागणी ओसरली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने न खपलेल्या मालाचा साठा वाढल्याचे मान्य केले.

दुसरी तेजी अधिक तीव्र होती. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला जाहीर केले, परंतु जाहीर किमतीला ते मिळणे दुरापास्त झाले. कोविड काळातील घरबसल्या मागणी, चिपचा तुटवडा आणि पुन्हा आभासी चलन अशी तीन कारणे एकत्र आली होती. २०२२ मध्ये चलनाचा बाजार कोसळला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या चलनासाठी ग्राफिक्स कार्डांची गरजच संपली. तोपर्यंत भाव जाहीर किमतीच्या जवळ आले होते. या तेजीत ग्राहकांना जवळपास दोन वर्षे थांबावे लागले.

या वेळचे कारण वेगळे

प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपभोवती वेगवान मेमरीच्या चिप बसवलेल्या असतात. अशी मेमरी बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या तीनच आहेत: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना मेमरी प्रचंड प्रमाणात लागते आणि तेथे नफाही अधिक मिळतो. त्यामुळे या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा मेमरी व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली.

मेमरीचा नवा कारखाना उभारून उत्पादन सुरू करण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे ही टंचाई एखाद्या सणाच्या हंगामात संपण्यासारखी नाही. डेटा सेंटरवरील गुंतवणूक एकाएकी मंदावली, तर चित्र बदलू शकते. मात्र तसे केव्हा घडेल, यावर घरगुती खरेदीचा बेत आखता येत नाही.

टंचाईचा भार सर्व कार्डांवर सारखा पडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी मेमरीसह ३७९ डॉलरला, तर १६ जीबी मेमरीसह ४२९ डॉलरला जाहीर झाले. मेमरी महागली की अशा दोन प्रकारांतील अंतर वाढते. जास्त मेमरीचे कार्ड खरोखर हवे असणाऱ्यांना थांबण्याची किंमत अधिक मोजावी लागू शकते.

रुपया आणि कर

भारतीय ग्राहकासाठी डॉलरचा दर निर्णायक असतो. २०२० मध्ये डॉलर साधारण ७४ रुपयांना होता; डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० रुपयांची पातळी ओलांडली. २९९ डॉलरच्या कार्डाचे उदाहरण घेतल्यास, ७४ रुपये दराने वस्तू व सेवा करासह त्याची किंमत सुमारे २६,१०० रुपये होते. ९० रुपये दराने तीच सुमारे ३१,७५० रुपये होते. वाहतूक आणि वितरक व दुकानदाराचा नफा वेगळा. म्हणजेच परदेशात किंमत तसूभरही न वाढता येथे साडेपाच हजारांहून अधिक रुपयांचा फरक पडतो.

ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दूरचित्रवाणी संच व वातानुकूलन यंत्रांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ग्राफिक्स कार्डे आधीपासूनच १८ टक्क्यांच्या गटात असल्याने त्यांना या कपातीचा लाभ झाला नाही.

चंदीगड, पंचकुला की दिल्ली?

जुलै २०१७ पूर्वी चंदीगड, पंजाब आणि हरियाणात विक्रीकराची व्यवस्था स्वतंत्र होती. आता चंदीगड, मोहाली, पंचकुला किंवा दिल्ली, कोठेही कराचा एकूण दर एकच आहे. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निवड अधिक मिळते आणि घासाघीसही करता येते. मात्र चंदीगडहून दिल्ली सुमारे २५० किलोमीटर आहे. प्रवासखर्च आणि पुढे हमीसाठी पडणारे हेलपाटे धरले, तर किरकोळ फरक भरून निघत नाही.

खरेदी केव्हा करावी?

• व्यवसायासाठी: व्हिडिओ संपादन, वास्तुरचना किंवा अभियांत्रिकी आराखड्यांचे काम अडत असेल, तर थांबू नये. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या व्यावसायिकांना नियमानुसार भरलेल्या कराची वजावटही मिळू शकते.

• शिक्षणासाठी: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यांनी आधी भाड्याने मिळणाऱ्या संगणनसेवेचा विचार करावा. केंद्राच्या 'इंडिया एआय' अभियानातून विद्यार्थी व संशोधकांसाठी अनुदानित दराने अशी सुविधा उभारण्यात आली आहे.

• खेळांसाठी: जुने कार्ड चालत असेल, तर थांबण्यात नुकसान नाही. नवा संगणक जोडताना अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन कार्डाची खरेदी पुढे ढकलता येते.

दसरा-दिवाळीच्या सवलतींत बँकेच्या कार्डांवरील सूट उपयोगी ठरते. मात्र सवलतीच्या आधीचे काही आठवडे भाव टिपून ठेवावा, म्हणजे सूट खरी की दिखाऊ हे कळते. नवी मालिका आल्यावर जुनी स्वस्त होईल, असेही गृहीत धरू नये. कंपन्या जुन्या मालिकेचे उत्पादन आधीच आवरते घेतात आणि साठा संपत गेला की भाव टिकून राहतात.

पावती आणि हमी

पॅकबंद आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. त्या किमतीपेक्षा अधिक रक्कम मागता येत नाही. अधिकृत आयात नसलेले कार्ड स्वस्त मिळाले, तरी भारतात त्याची हमी मिळेलच असे नाही. पावतीवर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

वापरलेले कार्ड घेताना मूळ पावती आणि शिल्लक हमी पाहावी, तसेच कार्डावर ताण देऊन तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासावा. आभासी चलनासाठी महिनोन्महिने अहोरात्र चाललेली कार्डेही या बाजारात येतात. दुकानदाराबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते. तेथे दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.